खारातल्या कैऱ्यांचा डबा

माय, तू देलेलं स्टील खोटं नव्हतं. हे तुले सांगाले किती घाई झाली मले, अन् तू तर कधीचीच गेली, म्हणून कागद घेऊन बसली. अक्षराले हसू नको, शाळा चौथीतच सुटली हे तुले माहीतच आहे.

माही नात नागपूरले कॉलेजात स्टील कसं सडते ते शिकून राहिली. मी म्हटलं, "गंज पाहाले कॉलेज कायले लागते बाई, आपल्या मोरीत ये." दिवाळीले सौंसरले आली, तर तुहा डबा माळ्यावरून काढला अन् झाकणाखालची खड्ड्याखड्ड्याची रेघ अशी चाचपून राहिली, जशी कोणाची नथ पाहून राहिली. म्हणे, "आजी, इथं काय बांधलं होतं?" सायकलच्या ट्यूबचा पट्टा! झाकण ढिलं होतं, म्हणून मीच आवळला होता. आत खारातल्या कैऱ्या. खार उतू जाऊन पट्ट्याखाली शिरला. ती म्हणे तिथं हवा पोचत नाही, कोंडलेलं पाणी आंबट होत जाते, अन् चांगल्या स्टीललेही खाते.

तिच्या कॉलेजात दोन बरण्या आहेत म्हणे, दोन्हीत चिपकवून आवळलेल्या स्टीलच्या पट्ट्या. एकीत नुसतं मिठाचं पाणी. दुसरीत मिठासोबत नायट्रेट नावाचं आणखी एक मीठ विरघळवलं, तर फटीतलं स्टील लवकर सडत नाही. पण पुरेसं लागते, चिमूटभरानं भागत नाही. मी म्हटलं, "म्हणजे एका बरणीत सासू एकटी, दुसरीत समजूत घालणारी नणंदही आहे!" पोरगी हसून हसून लोळली. मग मी विचारलं, कैऱ्यांत टाकू का थोडं? "आजी! ते खायचं नाही!"

अन् मले तू दिसते. पांढुर्ण्याहून बसनं आली, नवीन लुगडं नेसून. माही सासू सडलेला डबा तुह्यासमोर आपटते, "काय विहीणबाई, पोरीले स्टील म्हणून पत्रा देला?" तू डबा पदरात गुंडाळून दुकानात नेते. दुकानदार म्हणते, माल बरोबर आहे. तू डबा परत आणून देते, अन् चहा न घेताच बस पकडाले जाते. त्यानंतर माह्या घरी तू कधी जेवली नाही.

हा कागद कुठं टाकू, माय? राहू दे उशीखाली. एक मात्र लिहून टाकते. त्या दिवशी तुही बस गेल्यावर सासू पुन्हा "हलका माल" म्हणाली, अन् मी गप्प राहिली. भेली म्हणून नाही. मलेही तसंच वाटलं होतं.