एका अर्जात एकच मागणी

सोमवार, ३ जून

या नोंदींतून एवढेच सिद्ध करायचे आहे : गेल्या महिन्यात गोदामातल्या मालाच्या लिफ्टमध्ये माझा मुलगा मेला, तो स्वतःच्या चुकीने नव्हे. मालकाने ब्रेक दुरुस्त केला नाही, म्हणून मेला.

वकीलबाईंनी दाव्याचे चार खांब सांगितले. काळजी घेणे मालकाचे कर्तव्य होते. त्याने हयगय केली. त्या हयगयीनेच मृत्यू ओढवला. त्यातून आमचे नुकसान झाले. वाळवी लागेल ती तिसऱ्याला. "पोरानं जादा माल भरला," असे मालक सांगत सुटला आहे.

तर्कशास्त्र शिकवण्यात हयात गेली. इतका स्वच्छ युक्तिवाद क्वचितच हाती आला — आणि इतका नकोसा!

गुरुवार, ६ जून

मुलाच्या जोडीचा हमाल येऊन गेला. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात.

"सर, माल निम्माच होता, मीच चढवला. ब्रेक कधीचा किंचाळतोय! मालकाला सांगितलं, तर म्हणतो — फुकटचं गाणं आहे, ऐक की."

साक्ष देशील?

"देणार! नोकरी गेली तर वहिनींकडे रोज चहाला येईन."

सून हसली. महिन्यात प्रथमच.

मंगळवार, ११ जून

मालक ब्रेक बदलेल आणि पुरावा भंगारात जाईल. अर्जाचा मसुदा मीच केला : न्यायालयाचा तज्ज्ञ पाहीपर्यंत लिफ्टच्या कोणत्याही भागाला हात लावू नये.

"सर, वापरही बंद ठेवा, असं मागू या ना?" — वकीलबाई.

नकार दिला. मग धंद्याच्या नुकसानीचे रडगाणे सुरू होईल, तारखा पडतील. एका अर्जात एकच मागणी.

"बाबा, पण..." सून म्हणाली. मी तिला पुढे बोलू दिले नाही.

शुक्रवार, १४ जून

अर्ज मंजूर! लिफ्ट 'जैसे थे'. मालकाच्या वकिलाने चकार शब्द काढला नाही. प्रतिपक्ष न भांडता मान्य करतो, तेव्हा आपलेच विधान पुन्हा तपासावे. तपासले. दोष सापडला नाही.

सोमवार, १७ जून

पैलवानाचा फोन. "मिस्त्री आला होता, मालकानं दारातूनच परत पाठवला. म्हणतो, कोर्टाचा हुकूम आहे. आणि लिफ्टवर मलाच लावलंय."

बुधवारी तज्ज्ञ येतो आहे, तोवर जपून, म्हणालो.

"जपतो की. माझं वजन ते केवढं!"

मंगळवार, १८ जून

लिफ्ट कोसळली. पैलवान गेला.

तिसरा खांब आता निर्विवाद आहे.

मी दुरुस्ती थांबवली, वापर थांबवला नाही. ही चूक माझी. त्याच्या आईने दावा लावला, तर प्रतिवादींत मालकाच्या नावाखाली माझे नाव असावे. हे मी शुद्धीत, कोणीही न सांगता लिहून देत आहे.

सही —
वादी क्रमांक एक