कोकरांच्या रानातली रायफल

ग्रँड नदीकाठ, साउथ डकोटा
८ मे १९६६

चि. एमिल यास थोराताईचे अनेक आशीर्वाद.

आज रविवार. सकाळी गारठा, दुपारनंतर वारा. अकरा मेंढ्या व्यायल्या, चौघींना जुळी झाली. ओढ्याच्या वळणावर दोन कोकरं मरून पडलेली सापडली. मानेवर त्या रानकोल्ह्याचे, कायोटीचे दात. चर्चला गेले नाही. पाद्रीबाईंनी निरोप पाठवला होता की सोबतीला कोणी हवं आहे का. मी कळवलं की सोबतीला एकशे ऐंशी मेंढ्या आहेत.

ऑस्कर जाऊन उद्या तीन महिने होतील. त्याबद्दल लिहिण्यासारखं नवीन काही नाही. कामाचं लिहिते.

लेफभावोजी काल आले होते. जमीन ऑस्करची आणि त्यांची, दोघा भावांची होती, त्यामुळे आता अर्धी त्यांची आणि अर्धी माझी. त्यांना मेंढ्या काढून सगळीकडे गायी सोडायच्या आहेत. म्हणाले की वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण गाय स्वतःचं वासरू सांभाळते, मेंढीला स्वतःचं डोकंही सांभाळता येत नाही. मी म्हटलं की तुमच्या गायी गेल्या हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर उभ्या राहून बर्फ फुटायची वाट बघत होत्या, ते विसरलात का. ते हसले, पण अट घालूनच गेले. जूनमध्ये शेपट्या छाटायच्या दिवशी मेंढीमागे एक, म्हणजे एकशे ऐंशी जिवंत कोकरं मोजून दाखवायची. कमी भरली तर शरद ऋतूत कळप विकायचा. मी हो म्हटलं.

म्हणून तुला विचारते. तू दिवसभर बंदुकांच्या दुकानात उभा असतोस. ऑस्करची हॉर्नेट रायफल दीडशे यार्डांपलीकडे भरवशाची नाही. लेफभावोजी म्हणतात की ते म्हाताऱ्यांचं काडतूस आहे, आता कोणी विचारत नाही. खरं काय ते लिही. माझ्याकडे ऑस्करनं स्वतः भरून ठेवलेली एकतीस काडतुसं आहेत. ती मी वापरत नाही.

मुलांना पापा. तुझ्या खोकल्याला हयगय करू नकोस. मी इथे ठीक आहे, असं समजून चाल.

थोरा

---

रॅपिड सिटी
१३ मे १९६६

ती. थोराताईस एमिलचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. खोकला गेला, आता तो मुलांना लागला आहे.

ताई, लेफ बोलण्यात आडदांड असला तरी या बाबतीत त्याचं बरोबर आहे. गेल्या वर्षी बावीस-अडीचशे हे नवं काडतूस कारखान्यातून यायला लागलं आणि दुकानात दुसरं नावच निघत नाही. तीनशे यार्डांवर गोळी जेमतेम वीतभर खाली येते. परवा एका म्हाताऱ्या पशुपालकानं हॉर्नेटची काडतुसं मागितली, तर आमच्या मालकांनी त्याला विचारलं की आजोबा, सोबत घोडागाडीचं वंगणही देऊ का. म्हातारा म्हणाला की दे, तुझ्या जिभेला लावतो. पण शेवटी काडतुसं काही मिळाली नाहीत, कारण आम्ही ती ठेवतच नाही.

लोकर नेणाऱ्या ट्रकबरोबर माझी बावीस-अडीचशे पाठवत आहे, काडतुसांसकट. लाजू नकोस, मला इथे मारायला फक्त उंदीर आहेत. त्यासोबत नुसत्या गोळ्यांचाही एक डबा आहे. नव्या धाटणीच्या, लांब आणि टोकदार. जाडी हॉर्नेटच्या गोळीएवढीच आहे, तेव्हा ऑस्करभावोजींच्या रिकाम्या काडतुसांत याच भर. जुनी रायफलही जरा तरणी होईल.

आणि कळप राहो वा जावो, तू इथे ये. वरची खोली रिकामी आहे. लिंडा रोज विचारते की वन्सं कधी येणार. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा
एमिल

---

ग्रँड नदीकाठ
२२ मे १९६६

चि. एमिल यास अनेक आशीर्वाद.

रायफल आणि डबा दोन्ही पोचले. उपकार आहेत. पण जे झालं ते सांगते.

आधी तुझ्या लांब गोळ्या ऑस्करच्या बाकावर बसून भरल्या. गोळी जड, म्हणून दारू थोडी कमी घातली. शंभर यार्डांवर कागद लावला आणि पाच झाडल्या. दोन कागदावर लागल्याच नाहीत. उरलेल्या तीन गोळ्यांनी जी भोकं पाडली ती गोल नव्हती, लांबट होती, जणू गोळी आडवी होऊन शिरली. लेफभावोजींनी कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाले की झालं वहिनी, नळी झिजली, आता हिचा टोमॅटोच्या रोपाला आधार द्या. मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.

मग तुझी बावीस-अडीचशे वापरली. बुधवारी सकाळी टेकाडाच्या अंगानं कायोटी उतरत होता. अंतर अडीचशे यार्डांच्या वर. एका गोळीत पडला. तुझं काडतूस जसं सांगतोस तसंच आहे, त्यात खोट नाही.

पण आवाज! मी मेंढ्यांच्या अगदी कडेला होते. सगळा कळप एकदम उठून कुंपणापर्यंत पळाला. त्या सकाळी व्यायलेल्या सात जणींनी कोकरं पुरती चाटलीही नव्हती. आईनं चाटून वास ओळखून घेतला नाही तर ती नंतर त्याला आपलं मानत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तिघी परत आल्या. चौघींनी आपल्याच पोरांना ढुशी मारून लोटलं. एका कोकराला दुसरीच्या मेलेल्या पिलाचं कातडं बांधून तिच्याजवळ दिलं, तिनं घेतलं. बाकी तीन माझ्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी खोक्यात आहेत आणि दर तीन तासांनी बाटली मागतात. एक कायोटी मारायला मी चार कोकरं आयांपासून तोडली.

त्या दुपारी मी ऑस्करच्या एकतीसपैकी तीन काडतुसं घेतली. घ्यायला वेळ लागला, पण घेतली. त्याच कागदावर, त्याच अंतरावरून झाडली. तिन्ही भोकं गोल, आणि वर एक नाणं ठेवलं तर झाकली जातील इतकी जवळ. म्हणजे नळी झिजलेली नाही. मग तुझ्या गोळ्या आडव्या का जातात, हे दुकानातल्या कोणाला तरी विचारून लिही. मालकांना नको. काम येणाऱ्या कोणाला विचार.

कालपर्यंत एकशे एकाहत्तर कोकरं जिवंत. अजून चौदा मेंढ्या व्यायच्या आहेत आणि कायोटीची जोडी आहे, कारण दुसरा रोज संध्याकाळी ओरडतो.

मी तिकडे येणार नाही. राग नाही. पुढच्या पत्रात खोलीचा विषय काढू नकोस, म्हणजे माझा लोभ आहे तसाच राहील.

थोरा

---

रॅपिड सिटी
२६ मे १९६६

ती. थोराताईस सा. न.

घाईत लिहितो, ट्रक निघायचा आहे. चूक माझी. मागच्या खोलीत नळ्या बसवणारे बर्न्ट आहेत, त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले की पोरा, तू जाडी मोजलीस, लांबी कोण मोजणार? हॉर्नेटच्या नळीत गोळीला फिरवणारे आटे सावकाश वळतात. आखूड गोळीला तेवढी गिरकी पुरते. लांब गोळीला जोरात फिरवावं लागतं, नाहीतर ती दमलेल्या भोवऱ्यासारखी कलंडते. सहा वर्षं काउंटरवर उभा आहे आणि हे मला माहीत नव्हतं. लेफला सांगू नकोस.

बर्न्टनी स्वतःच्या खणातून आखूड गोळ्यांचे दोन डबे दिले आहेत. ते स्वतः अजून हॉर्नेटच वापरतात, पण मालकांसमोर बोलत नाहीत. त्यांनी निरोप दिला आहे की बाईंना सांग, कागद वाचता येणारी माणसं कमी असतात.

खोलीचा विषय काढलेला नाही, याची नोंद घ्यावी.

एमिल

---

ग्रँड नदीकाठ
१९ जून १९६६

चि. एमिल यास अनेक आशीर्वाद.

काल शेपट्या छाटल्या. सकाळी सहाला सुरुवात, दुपारी दोनला संपलं. ऊन कडक. शेजारचे स्वेन्सन बाप-लेक मदतीला होते, त्यांना मटण आणि बटाटे करून घातले.

त्याआधीचं सांगायला हवं. तुझ्या गोळ्या यायच्या आधीच, मेच्या २५ तारखेला संध्याकाळी, दुसरा कायोटी आला. मेंढ्यांपासून थोडी दूर, वाऱ्याच्या उलट बाजूला सेजच्या झुडपात मी पडून राहिले आणि सापळ्यात अडकलेल्या सशासारखा आवाज तोंडानं काढला. ऑस्कर माझ्या त्या आवाजाला हसायचा, म्हणायचा की हा ससा शाळामास्तरीण दिसतो. कायोटीला मात्र तो पटला. ऐंशी-नव्वद यार्डांवर आला, बसला, मान तिरकी केली. ऑस्करचंच एक काडतूस घालून हॉर्नेट झाडली. सुकी काटकी मोडावी एवढाच आवाज वाटतो. मागे वळून पाहिलं तर दोन-तीन मेंढ्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. शेजारची एक त्याच वेळी पिलाला चाटत होती. तिनं चाटणं थांबवलं नाही.

त्यानंतर एकही कोकरू कायोटीनं नेलं नाही. एक पाण्यात गेलं, एक जन्मतःच अशक्त होतं.

मोजणी लेफभावोजींनीच केली, कापलेल्या शेपट्यांचे ढीग लावून, दहा-दहाचे. एकशे शहाऐंशी भरल्या. त्यांनी दुसऱ्यांदा मोजल्या. म्हणाले की स्वयंपाकघरातली तीन धरायची नाहीत. मी म्हटलं की बरं, एकशे त्र्याऐंशी. त्यांनी शेपट्यांचा ढीग पायानं बाजूला सारला. नंतर म्हणाले की वहिनी, पुढच्या वर्षी मेंढ्यांसाठी मीठ जास्त आणून ठेवावं लागेल. माफी मागायची त्यांची पद्धत तशीच आहे, घरात सगळ्यांची होती.

तू विचारशील म्हणून लिहिते. तुझी बावीस-अडीचशे मी परत पाठवत नाही. ती लेफभावोजींनी त्यांच्या गायींच्या कुरणात प्रेअरी डॉग, त्या बिळं खणणाऱ्या खारी, टिपायला नेली आहे. तिथे घाबरायला कोणी नाही. रोज येऊन सांगतात की आज साडेतीनशे यार्ड, आज चारशे. हा आकडा संध्याकाळपर्यंत वाढतो. तुझ्या मालकांना सांग की नवं काडतूस जुन्याला दुकानातून घालवेल, ते मला दिसतंच आहे. पण मेंढ्या वीत असतात तिथे ते येणार नाही. तिथे मी हॉर्नेटच ठेवणार, आणि गोळ्या दुकानात मिळोत न मिळोत, बर्न्टना विचारून त्या मिळवणार. ऑस्करची काडतुसं एक दिवस संपतील. संपू देत. कालपासून मी माझी भरते. पहिली पन्नास झाली, दारू त्यानं मापली होती तेवढीच.

पुढल्या वसंतात मुलांना घेऊन ये. खोक्यातली तिघं तोवर मोठी होतील, पण बाटली दिसली की अजून धावतील. लिंडाला माझ्या आठवणी. तुझी माया पत्रातून येते ती पुरते, पण पत्र जरा मोठं लिहीत जा.

थोरा

ता. क. लेफभावोजी आत्ता गेले आणि जाताना खालच्या कुंपणाचं फाटक नेहमीसारखं सताड उघडं टाकून गेले. इथून दिसतं आहे. पाकीट चिकटवून बूट घालते आणि ते लावून येते.