हिरव्या डब्यातला लेप

अगं,

ढवळीला टेम्पोत घालून जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात नेतोय. सकाळी धार काढायला बसलो तर कास दगडासारखी घट्ट, दुधात रक्ताच्या गाठी आणि अंग तापलेलं. आता अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यावंच लागेल. तुला मुद्दामच उठवलं नाही. हे तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.

अकराला तुझे साहेब लेपाचा निकाल बघायला येतील, त्याआधी हे वाच. तुझ्या चाचणीच्या वहीत ढवळीपुढे साधं मलम आणि तांबडीपुढे तुझा नवा लेप असं लिहिलंय ना, ते उलटं आहे. मीच केलं. ढवळीला मी बाटलीने दूध पाजून वाढवलंय. कास दोघींचीही सुजली होती, पण ढवळीला नुसतं साधं मलम चोळायला मन धजेना. म्हणून पाचही दिवस हिरव्या डब्यातला लेप तिला लावला, आणि डबे सारखेच रिकामे दिसावेत म्हणून तांबडीला साधं मलम.

काल तांबडीचं दूध स्वच्छ आलं तेव्हा तू गोठ्यातच मला मिठी मारलीस. मी तुझी नजर चुकवून दुधाची बादली उचलली.

साहेबांना खरं सांग, माझ्यावर पांघरूण घालू नकोस. चहा थर्मासमध्ये आहे. तांबडीची धार राहिलीय.

आल्यावर हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण तुझ्या लेपावर विश्वास नसता, तर तो मी ढवळीसाठी चोरला असता का गं?