नारिंगी रंगाला मंजुरी

दि. ४ मार्च

चि. ढब्बूस ताईचे अनेक आशीर्वाद.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला अजून ढब्बू म्हणते म्हणून तुझी बायको हसते. हसू दे. तिची कंबर आता बरी असेल.

तुमच्या कारखान्याचा फॉर्म पोचला. मोटरहोमला बाहेरून रंग कुठला आणि जास्तीचं काय काय बसवायचं, याची चांगली चार पानं! बाजूला उघडणारं छप्पर हवं का, सायकली टांगायची सोय हवी का. हे आठवडाभर ती पानं घेऊन बसलेत. चौतीस वर्षं शहराची बस चालवली, गाडीला एक ओरखडा नाही. निवृत्त झाल्यावर घरासकट फिरायचं, हे यांचं जुनं स्वप्न. त्यात मी मोडता कशाला घालू?

पण ढब्बू, मला भीती वाटते. यांना डाव्या अंगाचं दिसत नाही. कपाटाचं दार उघडं असलं की त्यावर आदळतात. मागच्या महिन्यात चौकात डावीकडून एक सायकलवाली बाई आली. मी किंचाळले म्हणून ब्रेक लागला. हे म्हणाले, चूक तिचीच होती. डोळे दाखवा म्हटलं तर अंगावर आले आणि दुसऱ्या दिवशी टायर बघायला म्हणून जे गेले ते दुपारीच परतले.

तू तिथला मुख्य रंगारी आहेस. काहीतरी कारण काढून गाडी लांबव. यांना यातलं काही कळू देऊ नकोस.

लोभ आहेच, तेवढी घाई मात्र नको.

तुझी ताई

&nbsp;

दि. ११ मार्च

ती. ताईस ढब्बूचा साष्टांग नमस्कार.

कंबर बरी आहे, जीभ त्याहून बरी आहे.

राईचा पर्वत करायची तुझी सवय जुनीच. ज्यांनी मला क्लच आणि ब्रेक यांतला फरक शिकवला, त्या भावोजींना सायकल दिसत नाही म्हणतेस! वयानं चष्म्याचा नंबर वाढला असेल. तरी तुझ्या शब्दाखातर वेळ काढतो. आमच्याकडे एक रीत आहे. रंग नुसता कागदावर ठरत नाही. पंज्याएवढ्या पत्र्यांवर मारून ते गिऱ्हाइकाला पाठवतो. गिऱ्हाइकानं उन्हात बघायचं, सावलीत बघायचं आणि पसंत पडेल त्याच्या मागे सही करून परत धाडायचं. सही आल्याशिवाय मी स्प्रे-गनला हात लावत नाही. भावोजींनी फोनवर राखाडी म्हटलं होतं, त्यासोबत दोन रंग मुद्दाम जास्तीचे पाठवलेत. त्यांचा चोखंदळपणा बघता महिना सहज निघेल.

काळजी करू नये, केलीच तर वाटून घ्यावी.

तुझा ढब्बू

&nbsp;

दि. १९ मार्च

चि. ढब्बूस आशीर्वाद.

कसला महिना घेऊन बसलास! यांनी अर्ध्या तासात सही केली. तिन्ही पत्रे कुंपणाच्या भिंतीवर मांडले, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, मान इकडेतिकडे फिरवली आणि नारिंगी उचलला. जन्मभर पांढरे आणि राखाडी शर्ट घालणारा माणूस! वर फॉर्मवर खुणा केल्या त्या दोन्ही बाजूंना कॅमेऱ्यांच्या, पायरीखाली दिव्याच्या आणि पायरीच्या कडेला पिवळ्या पट्टीच्या.

आता सांग, आपल्याला दिसत नाही हे यांना कळलेलं नाही असं कसं म्हणू? सगळं कळलंय, तरीही चालवणार आहेत. घरची गाडी हल्ली बाहेर काढत नाहीत, पाय मोकळे करायचे म्हणून चालत जातात. सगळा धीर त्या मोठ्या गाडीसाठी राखून ठेवलाय, दुसरं काय.

आणि बुधवारचं ऐक. शेजाऱ्यांची गाडी मागे घ्यायला हे पुढे झाले आणि फाटकाचा खांब ठोकला. मी खिडकीतून पाहिलं. उतरून कितीतरी वेळ त्या खांबावरून हात फिरवत होते. घरात येऊन मात्र सांगितलं की शेजाऱ्यानं ठोकली. ढब्बू, हा माणूस माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हता. आम्ही दोघं मरू त्याचं एक वेळ सोड, पण रस्त्यात कुणाचं पोर आलं तर?

बॉनेटखाली एखादी वायर सैल ठेव. गाडी सुरूच होता कामा नये. पाया पडते तुझ्या.

ताई

&nbsp;

दि. २६ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

थोरल्या बहिणीनं पाया पडते असं लिहू नये.

वायर सैल ठेवणार नाही. सैल वायरीची गाडी अंगणात बंद पडेलच असं नाही, भर रस्त्यातही पडेल. पण तुझी चेष्टा केली त्याची लाज वाटते. नारिंगी पत्र्याला मागच्या बाजूनं भावोजींची एक चिठ्ठी चिकटवलेली होती, ‘ताईला दाखवायची नाही’ अशी ताकीद वर घालून. चार दिवस खिशात घेऊन फिरलो. आता त्यांचा शब्द मोडतो आणि ती सोबत जोडतो. भावोजी रागावले तर रागावू देत.

तुझा ढब्बू

&nbsp;

(सोबतची चिठ्ठी)

चि. ढब्बूस आशीर्वाद.

टायर बघायला म्हणून निघालो तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. नजर कडेनं मिटत चालली आहे, डावीकडून आधी. मधलं दिसतं, तेही किती दिवस ते डॉक्टर सांगत नाहीत. गाडी चालवायची नाही म्हणाले. त्याच दिवशी जाऊन लायसन्स परत केलं. तुझ्या ताईला सांगायला जातो आणि दुसरंच काहीतरी बोलून येतो. बुधवारी मात्र मोह झाला. म्हटलं, शेजाऱ्याच्या अंगणातल्या अंगणात एकदा बघू. खांबानं उत्तर दिलं.

नारिंगी अशासाठी की मैदानात शंभर गाड्या उभ्या असल्या तरी आपली मला दिसावी. कुणाचं बोट न धरता परत येता यावं, एवढीच हौस उरली आहे.

कॅमेरे तिच्यासाठी आहेत. तिला आरशांचा भरवसा नाही. तुम्ही दोघं माझ्याकडे एकदम शिकलात. तू सतरा वेळा गाडी बंद पाडलीस, तिनं एकदाही नाही. लायसन्स मी दर खेपेला भांडून तिचंही नवं करून घेतलं आहे. ड्रायव्हरची सीट तिच्या उंचीला बसव. माझे पाय लांब, तिचे पोचायचे नाहीत.

तिला अजून विचारलेलं नाही. भरलेली बस ऐन गर्दीतून काढताना भ्यालो नाही, या एका प्रश्नाला भितो. ती नाही म्हणाली तर कुठलाही रंग मार आणि गाडी दुसऱ्याला देऊन टाक.

तुझा मास्तर

&nbsp;

दि. ३ एप्रिल

चि. ढब्बूस आशीर्वाद.

चिठ्ठी यांच्यापुढे ठेवली आणि कडाकडा भांडले. एकट्यानं डॉक्टरकडे गेलात, एकट्यानं ऐकलंत, मी काय परकी होते? मग दोन दिवस आमच्यात अबोला. तिसऱ्या दिवशी सकाळी यांनी घरच्या गाडीची किल्ली माझ्या पुढ्यात ठेवली आणि डाव्या सीटवर जाऊन बसले. मी कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणली. घामानं पाठ भिजली होती. एकही सूचना न देता गाडीत बसलेलं यांना मी प्रथमच पाहिलं.

भीती गेलेली नाही रे. आधी यांच्या डोळ्यांची होती, आता माझ्या पायांची आहे. झोपेतही ब्रेक दाबते.

सीटसाठी माप पाठवते. कमरेपासून गुडघा एकवीस इंच, गुडघ्यापासून टाच सतरा. टेप यांनी धरली, आकडे मी वाचले. अर्धा इंच इकडेतिकडे झालं असेल, तेव्हा ब्रेक जरा जवळच घे.

लोभ होता तसाच ठेव, आणि रंग मारायला घे.

तुझी ताई