संत परास्केवीचे डोळे

८ सप्टेंबर १९८४
पोहोचले एकदाची! लितोवो म्हणजे मूठभर दगडी घरं, खाली नदी, पलीकडे अल्बानिया. मठात आता साधू नाहीत; किल्ली पोलिक्सेनी आजींच्या कमरेला. त्यांनी चीज भरलेली गरम पाई वाढली आणि म्हणाल्या, "एवढं शिकलीस ते भिंती रंगवायला? रंगारी तर आमच्याकडेही आहे!" खूप हसले. आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिलीच. जुनी भित्तिचित्रं सांभाळण्याचं हे माझं पहिलं स्वतंत्र काम. जीव ओतून करायचं.

१३ सप्टेंबर
संत परास्केवीचं चित्र बायझंटाईन काळातलं. चेहरा शाबूत, डोळ्यांच्या जागी मात्र खड्डे. मला वाटलं, शत्रूच्या सैनिकांचं काम. आजी म्हणाल्या, आम्हीच खरवडतो. तिच्या डोळ्यांचा चिमूटभर गिलावा पाण्यातून घेतला की नजर टिकते. खरंच, गावात एकालाही चष्मा नाही. पण जिची पूजा करायची, तिलाच आंधळं करायचं?

१९ सप्टेंबर
खड्डे भरले, डोळे रंगवले. नियमात बसत नाही, पण राहवेना. समोर आरसा ठेवून माझेच डोळे काढले. हुबेहूब! आजी बराच वेळ बघत राहिल्या. "हे तिचे नाहीत गं, पोरी," एवढंच म्हणाल्या.

२२ सप्टेंबर
भर दुपारी आजींनी मला दिवा लावायला सांगितलं. अंगणात लख्ख ऊन होतं. कॉफीवाला थ्रासोस कपाबाहेर कॉफी ओतत होता. "डोळे फुटले का रे?" असं त्याला चिडवणारा म्हातारा स्वतःच खुर्ची चाचपडत होता.

२३ सप्टेंबर
सगळ्यांचीच नजर गेली. माझीच शाबूत. मी चालते तिकडे माना वळतात. बस शनिवारशिवाय नाही.

२४ सप्टेंबर
आजी आणि थ्रासोस सुरी, पेला घेऊन मठात गेले. मी अडवलं नाही. माझाच गिलावा, खरवडू दे — डाव्या डोळ्यात वाळू गेल्यासारखं झालं. आतून आजी ओरडल्या, "दिसतंय! दिसतंय रे!"
माझा डावा डोळा उघडाच आहे. तरी —

२५ सप्टेंबर
पाया पडले. आजींनी डोकं कुरवाळलं. म्हणाल्या, "रडू नकोस, लेकी. एक डोळा दोघांनाच पुरला. बाकीच्यांनी काय करायचं? तुला आम्ही हाताला धरून फिरवू. घास भरवू."
आजी आत, मठाचं दार आतून बंद. मी पायरीवर, उन्हात. शेजारी अख्खं गाव, हातात पेले —
सुरीचा आवाज —
ओळ सापडत नाही. कागद अजून पांढरा आहे, अजून थोडा पांढ