पाच तुकड्यांचा शब्द

सोलापूर, ८ नोव्हेंबर १९४६

तीर्थस्वरूप भिवादादास,

धाकट्या बहिणीचा, जयवंताचा नमस्कार. मी बरी आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवते.

नर्सिंगच्या वर्गात इंग्रजी शब्द फार लांबलचक असतात. मी वाचायला उभी राहिले की पोरी हसायच्या. मग मार्थासिस्टरांनी मला जवळ बसवलं. म्हणाल्या, "शब्द एकदम गिळू नकोस. तुकडे कर, बोटानं मोज, जोर कुठं पडतो ते ऐक." काल मी वर्गापुढं म्हटलं, टु-बर-क्यु-लो-सिस. पाच तुकडे, जोर 'लो'वर. कुणी हसलं नाही.

मग डॉक्टरांनी अर्थ सांगितला. क्षय. संध्याकाळची कणकण, झडत जाणारं अंग, महिनोन्महिने न हटणारा खोकला. वहीत उतरवताना माझा हात थांबला. दादा, दिवाळीला मी दहिवलीला आले तेव्हा आई अशीच होती रे. विचारलं तर म्हणाली, "काय नाय गं, चुलीचा धूर बाधलाय." मीही ते खरं मानलं.

हे तिला वाचून दाखवू नकोस. डॉक्टरांना मी विचारलंय, ते तपासतील. भातकापणी उरकली का? नसली तरी थांबू नकोस, कर्जतहून गाडीनं तिला घेऊन ये. तोवर तुझ्या गौराला तिच्या कुशीत निजवू नकोस. वहिनीला सांभाळून सांग.

आई यायला नाही म्हणेल. तिला सांग, जयवंता आजारी आहे, तुला बोलावलंय. एवढं खोटं माझ्या माथी असू दे.

तुझी,
जयवंता