सुई, दीड फेरा मागे

दि. ४ मार्च

चि. ढब्बूस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू ओरडतोस आणि मी तो ठेवून देते, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या सूचनांबरहुकूम बोटीच्या मोटरचा कार्बोरेटर खोलला, धुतला, जोडला. स्वयंपाकघरातल्या टेबलाला पेट्रोलचा असा वास बसला आहे की ताट मांडीवर घेऊन जेवते. फ्लोट स्वच्छ, जेट स्वच्छ, गॅस्केट नवं. दोरी ओढली की मोटर पहिल्या हिसक्याला उठते. वेगात झकास पळते. धक्क्याजवळ येऊन हळू केली की खोकते आणि मरते. काल भाजी घेऊन येताना हेच झालं, वारा नेमका उलटा. शेवटी वल्ही मारली. हातांना फोड आले आहेत, नोंद घे.

आपलं ठरलं आहे की या महिनाअखेरपर्यंत मोटर धड चालली नाही, तर बेटावरचं घर बंद करून मी तुमच्याकडे कायमची राहायला यायचं. शब्द दिला आहे, मोडणार नाही. पण मला यायचं नाही, हेही तुला ठाऊक आहे. तेव्हा डोकं जागेवर ठेवून लिही.

लोभ आहेच, त्यात थोडी अक्कल मिसळून पाठव.

तुझी ताई


दि. ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

सदुसष्टाव्या वर्षी वाऱ्यात एकटी वल्ही मारतेस आणि अक्कल माझ्याकडे मागतेस! धन्य आहे. हिला पत्र वाचून दाखवलं, तर तिने सरळ जाऊन मागची खोली रिकामी करायला घेतली. आता रंगही झाला आहे. खिडकीशेजारी तुझं पुस्तकांचं कपाट बसेल.

मोटरचं म्हणशील तर, जेटमध्ये तार खुपसली होतीस का? खुपसली असशील तर भोक मोठं झालं, जेट गेला. कार्बोरेटर उलटा धरल्यावर आतला फ्लोट सपाट राहतो का, तेही बघ. दोन्ही ठीक असेल तर मोटर भंगारात दे. वर्कशॉपमध्ये जन्म गेला माझा, पण टपालाने मोटर दुरुस्त झालेली अजून पाहिली नाही.

राग मानू नये. मानलास तरी तो पोचायला चार दिवस लागतात.

तुझा
ढब्बू


दि. १४ मार्च

चि. ढब्बूस आशीर्वाद. या वेळी ‘अनेक उत्तम’ नाहीत.

महिना अर्धाही झाला नाही आणि खोलीला रंग? माणूस आजारी आहे तोवर तेराव्याची पंगत सांगावी, तसं झालं हे. कोणता रंग दिला ते विचारणार नाही. हिरवा असेल तर मुळीच नाही.

तार खुपसली नाही. शाळेची प्रयोगशाळा मी सांभाळली आहे, फुटकी नळी कशी ओळखायची ते मला शिकवू नकोस. फ्लोट सपाट आहे. इथल्या मिस्त्रीलाही बोलावलं. त्याने सगळं परत खोललं, जोडलं, चहा प्यायला आणि उरलेले दोन वॉशर माझ्या हातावर ठेवून जास्तीचे होते म्हणाला. ते कुठले, हे शोधण्यात माझी दुपार गेली.

हळू चालीला पेट्रोल सोडणारी ती बाजूची, स्क्रूसारखी फिरवायची बारीक सुईसुद्धा मी स्वतः बसवली. हलायचं नाव घेणार नाही इतकी घट्ट बसवली, आणि मग तू फोनवर सांगितलंस तशी दीड फेरा मागे घेतली. पाण्याच्या पिंपात मोटर शहाण्यासारखी चालते. बोटीला लावली की तेच रडगाणं. आता बोल.

घरात सर्वांना यथायोग्य. रंगाऱ्याला सोडून.

ताई


दि. १८ मार्च

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

‘हलायचं नाव घेणार नाही’ हे वाचलं आणि हातातला पाना खाली ठेवला. ताई, तू सुई पिळलीस!

चूक माझी. हलक्या हाताने फिरव, हे जगात कोणालाही सांगावं लागत नाही, आपल्या घरात सांगायला हवं होतं. अप्पांनी झाकण लावलेली बरणी उघडायला शेजारून माणूस बोलवावा लागायचा. नळ बंद केला की वॉशर फाटायचा. तू त्यांचीच मुलगी. ती सुई पितळेची, बिचारी मऊ असते. भिंग घेऊन टोक बघ. भोवती कडं उमटलेलं दिसेल. तसं दिसलं तर ती संपली. मग कितीही फिरव, पेट्रोलचं माप लागणार नाही.

सोबत काड्यापेटीत नवी सुई आहे. दोन बोटांनी फिरव. टेकली असं वाटताक्षणी थांब. वाटताक्षणी! मग दीड फेरा मागे. पिंपात कोणाचीही मोटर चालते; बोट धक्क्याला बांध, मोटर तापू दे, गिअर टाक आणि हळू चालीवर सुई जराजरा आत घे. मोटर शिंकली की थोडी बाहेर. दर वेळी थांबून ऐक. घाई करू नकोस, तिच्यावर डाफरू नकोस.

काड्यापेटीत सुई ठेवताना ही बाजूला उभी होती. मग खोलीचं काय, असं विचारत होती. मी पेटीला दोरा गुंडाळला.

हात जपावेत. पत्राची वाट पाहतो.

ढब्बू


दि. २७ मार्च

चि. ढब्बूस अनेक उत्तम आशीर्वाद.

कडं होतं. याउपर तो विषय नको.

नवी सुई दोन बोटांनी लावली. टेकल्यावर थांबणं हे जगातलं सर्वांत अवघड काम आहे. मनगट ऐकतच नव्हतं, शेवटी डाव्या हाताने फिरवली. मोटर शिंकली, मी सुई बाहेर घेतली, थांबले, ऐकलं. डाफरले एकदाच. काल धक्क्याला इतकी हळू लागले की पाणी हललं नाही. मग काही काम नसताना परत फिरले आणि पुन्हा हळू लागले. पोस्टमनने काही हरवलं आहे का म्हणून विचारलं.

तेव्हा मी इथेच राहणार. ठरलं होतं तसं.

एक मात्र लिहिते. रंगवलेली खोली तुझ्या घरात होती आणि सुई तुझ्या हातात होती. ती काड्यापेटी तू पंधरवडाभर खिशात विसरला असतास, तरी मी तुला काही म्हणू शकले नसते. सामान बांधून आले असते. हे मला कळतं.

कपाटाची जागा ठेवू नका. शनिवारी माझ्या बोटीने येते, सोमवारी सकाळी निघेन, आणि आता दर महिन्याला येईन. तुझ्या धक्क्याला मोटर बांधली तरी तिला हात लावायचा नाही. खोलीत रेनकोट अडकवायला एक खुंटी ठोकून ठेव.

ती मात्र घट्ट ठोक. तिथे अप्पांची पद्धत चालेल.

तुझी
ताई